उकिरड्याचा पांग

इंदूरला भंवरकुआंच्या चौकात उभं राहून मान वर केली की आभाळ दिसत नाही, सर दिसतात. कोचिंग क्लासच्या होर्डिंगांवर, हाताची घडी घातलेले, मे महिन्यातही कोट न काढलेले. एका सरांच्या मागे अणूभोवती इलेक्ट्रॉन फिरत असतात, दुसऱ्यांच्या मागे डीएनएचा पिळलेला जिना असतो, आणि तिसरे चालू घडामोडींचे असल्यामुळे त्यांच्या मागे संसद असते. खाली ‘नई बैच सोमवार से’. कुठला सोमवार ते लिहिलेलं नसतं. सोमवार काय, दर आठवड्याला येतो. चौकाला आता आदिवासी क्रांतिकारक टंट्या मामांचं नाव दिलं आहे, त्यांचा पुतळाही बसवला आहे. पण मॅजिक गाडीचा पोऱ्या दारात लोंबकळत ‘भंवरकुआं, भंवरकुआं’ असंच ओरडतो.

विज्ञानाचा समाजावर झालेला परिणाम हा विषय आमच्या वेळी निबंधाला हमखास यायचा. आम्ही विजेच्या दिव्यापासून सुरुवात करायचो, मध्ये पेनिसिलिन घालायचो, अणुबॉम्ब टाकायचो आणि ‘शाप की वरदान’ या प्रश्नावर सुखरूप उतरायचो. भंवरकुआं पाहिल्यावर वाटतं, विषय उलटा द्यायला हवा होता. समाजाचा विज्ञानावर झालेला परिणाम इथे जास्त ठळक दिसतो. इथे निसर्ग एका ओळीत मावतो. गलगंड, आयोडीन. रातांधळेपणा, अ जीवनसत्त्व. झेरॉक्सच्या दुकानात वनस्पतिशास्त्र स्पायरल बाइंडिंगमध्ये, प्राणिशास्त्र स्टेपल करून आणि पर्यावरण, त्यावर प्रश्न कमी येतात म्हणून, सुट्या कागदांत मिळतं. लायब्रऱ्या पावलोपावली आहेत. त्यांत पुस्तकं नसतात, खुर्च्या असतात. एसी, चार्जिंगचा पॉइंट आणि शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून मध्ये प्लायवूडची फळी. पोरं रात्री उशिरापर्यंत त्या फळीकडे पाहत बसतात.

हे मी चेष्टेनं लिहितोय, पण पोरांची चेष्टा करावीशी वाटत नाही. खरगोनकडच्या खेड्यातली एखादी मुलगी डेप्युटी कलेक्टर व्हायचं म्हणून तिथे बसलेली असते आणि त्या खुर्चीचं भाडं बापानं सोयाबीन विकून पाठवलेलं असतं. आता गंमत बघा. माळव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात बरीचशी पडीकच असायची. पाणी साचायचं, पेरणार काय? मग साधारण सत्तरच्या दशकात सोयाबीन आलं आणि त्या रिकाम्या खरिपात शिरलं. त्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था १९८७ पासून इथेच, खंडवा रोडवर आहे. म्हणजे तिच्या खुर्चीचं भाडंच मुळी शेतीच्या विज्ञानानं भरलेलं. पण तिच्या सामान्य विज्ञानाच्या नोट्समध्ये सोयाबीन ‘प्रथिने ४० टक्के, तेल २० टक्के’ इथेच आटोपतं.

आम्हा इंदूरच्या मराठी घरांचं विज्ञानाशी जे काही सोयरसूतक आहे ते बरंचसं याच चौकातून जातं. शिवाजीराव होळकरांनी १८९१ साली काढलेलं होळकर कॉलेज, आताचं होळकर सायन्स कॉलेज, इथेच. कुणाचे तरी आजोबा तिथून बी. एस्सी. झालेले असतात आणि तेवढ्या भांडवलावर पुढच्या दोन पिढ्या दुधात पाणी किती ते नुसतं बघून सांगतात. दुसरं ठिकाण म्हणजे कॅट. कागदोपत्री ते आता राजा रामण्णा यांच्या नावाचं प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. पायाभरणी १९८४ सालची. आत इंडस-२ नावाच्या कड्यात, घेर १७२ मीटरांहून थोडा जास्त, इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरत असतात. त्याचा समाजावर झालेला परिणाम आमच्या राजेंद्रनगरात डोळ्यांनी दिसतो: ‘मुलगा कॅटमध्ये आहे’ म्हटलं की पत्रिका बघायची राहून जाते. पत्रिकेला मागे सारणारं विज्ञान मी एवढं एकच पाहिलं. अर्थात कडक मंगळ निघाला, तर तिथे इंडस-२ चंही काही चालत नाही.

माझा भाचा बऱ्हाणपूरहून पीएससीसाठी इथे आला आहे. भंवरकुआंच्या मागच्या गल्लीत खोली, मेसचा डबा आणि रविवारी आमच्याकडे जेवण. जेवताना तो प्रश्न विचारतो. आम्ही उत्तर देत नाही. मग तोच देतो.

“मामा, कंपोस्टची इंदूर पद्धत कोणाची?”

“नावावरून तर इंदूरचीच वाटते.”

“कोणाची, कोणाची! चार ऑप्शन आहेत.”

“अरे, आधी वरणात तूप घे,” त्याची मामी म्हणाली.

“अल्बर्ट हॉवर्ड,” त्यानं तूप घेत सांगितलं. “एरोबिक. आणि बंगलोर पद्धत आचार्यांची, ती अनएरोबिक. जोडी लावा म्हणून येतं.”

“आणि हॉवर्डनं हे कुठे केलं?”

“ते नाही विचारत.”

केलं ते त्याच्या खोलीपासून स्कूटरवर जाऊन यावं इतक्या जवळ. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथे १९२४ साली होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. पैसा कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा, काम कापूस सुधारायचं. हॉवर्ड वनस्पतिशास्त्रज्ञ, त्याआधी बरीच वर्षं बिहारमधल्या पुसाला होता. बियाणं कितीही सुधारा, जमीनच उपाशी असेल तर ते बिचारं काय करणार, असं त्याचं मत पक्कं होत गेलं. शेण तर घरोघर गोवऱ्या होऊन चुलीत जात होतं. तेव्हा थोड्या शेणात पुष्कळ खत कसं करायचं, हा खरा प्रश्न होता.

त्यानं जे केलं ते वाचताना प्रयोगशाळेचा वास येत नाही, गोठ्याचा येतो. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद असा खड्डा, पण उथळ, दोन-तीन फुटांचा, कारण खालपर्यंत हवा खेळली पाहिजे. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, त्यावर गोठ्यातली मुतानं भिजलेली माती आणि चुलीतली राख, वरून पाण्याचा शिपका. पऱ्हाट्या आणि तुराट्या जात्याच कडक, लवकर कुजत नाहीत. त्यावर त्याचा तोडगा असा: त्या फार्मच्या रस्त्यावर अंथरून ठेवायच्या. जाणाऱ्यायेणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप भुगा होतो. यंत्र नको, वीज नको, मंजुरीसाठी फाइल नको. खड्ड्यात उष्णता साठ अंशांच्या वर चढते, तणाचं बी मरतं, माश्यांच्या अळ्या मरतात. तीन वेळा खालवर करायचं आणि तीन महिन्यांत काळंभोर, मातीच्या वासाचं खत हातात. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो असं आपण म्हणत आलो. इथे तो नव्वद दिवसांत फिटला.

हे एकट्या हॉवर्डचं काम नव्हतं. १९३१ साली या पद्धतीवर जे पुस्तक निघालं त्यावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते. कार्बन किती, नायट्रोजन किती, कुठल्या आठवड्यात किती उरला, हा सगळा हिशेब रसायनाचा. भाच्याच्या चार ऑप्शनांत वाड कुठेच नाहीत. चुकीचं उत्तर म्हणूनसुद्धा नाहीत. आणि खुद्द हॉवर्डला विचारलं असतं तर त्यानं आणखी नावं घातली असती. इथले शेतकरी आणि पिकांवरची कीड हे आपले खरे प्राध्यापक, अशा अर्थाचं तो लिहून गेला आहे. चिनी शेतकऱ्यांचं ऋणही त्यानं मानलं. किडीला प्राध्यापकपद देणारा माणूस भंवरकुआंत एक बॅचसुद्धा भरवू शकला नसता. होर्डिंगवर मागे काय काढणार?

१९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा ते हे खड्डे बघायला गेले होते. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं वेळात वेळ काढून खत बघायला जावं, ही प्रथा पुढे का पडली नाही कोण जाणे. बऱ्याच संमेलनांना तिचा उपयोग झाला असता.

तरी माझा आवडता माणूस हॉवर्ड नव्हे, त्याच्या आधी इथे येऊन गेलेला पॅट्रिक गेडिस. हाही मुळात जीवशास्त्राचाच माणूस, हक्सलीचा विद्यार्थी. तरुणपणी मेक्सिकोत असताना काही काळ त्याची दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शक सुटला. मग त्यानं शहरं बघायला घेतली. पुढे तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला आणि आपले गो. स. घुर्ये त्याच्याच हाताखालून गेले. तुकोजीराव होळकरांनी त्याला नगररचनेसाठी इंदूरला बोलावलं. १९१८ साली त्याचा दोन खंडी अहवाल निघाला. मोठमोठी गटारं बांधून सगळं नदीत सोडण्यापेक्षा ते मातीत घाला, बागा करा, असा त्याचा धोशा. हॉवर्डच्या खड्ड्यांची पायाखोदणी म्हणायला हरकत नाही.

तेव्हा गावात प्लेग होता. प्लेग म्हटलं की मराठी माणसाला १८९७ चं पुणं आठवतं. तिथे विज्ञान घरात शिरलं ते गोऱ्या सोजिरांच्या बुटांनी. देवघरं तुडवली गेली, सामान रस्त्यावर आलं, बायाबापड्यांची विटंबना झाली, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. एवढी उलथापालथ करणाऱ्यांनाही तेव्हा हे ठाऊक नव्हतं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून येतो. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत ते दाखवलं दुसऱ्या वर्षी, आणि इतर डॉक्टरांना ते पटायला आणखी काही वर्षं गेली.

वीस वर्षांनंतर इंदूरला गेडिसच्या हातात ते ज्ञान तयार होतं. त्यानं ते पत्रकात छापलं नाही. त्यानं महाराजांकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि १९१७ च्या दिवाळीत मिरवणूक काढली. कुठल्या रस्त्यानं? जो मोहल्ला सगळ्यांत स्वच्छ असेल त्या रस्त्यानं. झालं! मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून गावानं घरं झाडली, पडक्या भिंती सारवल्या, वर्षानुवर्षांचा कचरा गाड्यांवर लादून बाहेर काढला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला थोरला उंदीर होता. शहराचे सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घालून मानानं चालले. संध्याकाळी राक्षस आणि उंदीर दोघांचं दहन झालं, आतषबाजी झाली. ही हकिकत मुख्यतः गेडिसच्याच तोंडची असल्यामुळे तिच्यात थोडा जिरावण मसाला पडला असणारच. पण कल्पना बघा! जंतू, पिसू, उंदीर, माणूस ही साखळी समजावून सांगायला त्यानं तासभर भाषण ठोकलं असतं, तर लोक जांभया देत घरी गेले असते आणि उंदीर मागच्या दारानं त्यांच्याबरोबर. माझ्या मनात एकच शंका येते. त्या हार घातलेल्यांपैकी कुणी दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत पाणी मागितलं असेल, तर कुठल्या भांड्यातून मिळालं असेल? विज्ञान एका दिवसात उंदीर जाळू शकतं. जातीचं तसं नाही.

आता रोज सकाळी आमच्या गल्लीत पिवळी गाडी गाणं वाजवत येते. गॅसवर दूध असलं तरी माणसं धावतात. ओला वेगळा, सुका वेगळा, आणि बाकीच्यांचे आणखी वेगळे डबे. २०१७ पासून स्वच्छतेत आम्ही ओळीनं पहिले येत गेलो आणि त्याची गुर्मी काय असते ते पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना विचारा. इंदूरचा माणूस पुण्याला मुलीकडे गेला की रस्त्यावर कागद टाकणाऱ्याला थांबवून ‘भिया, डस्टबिन उधर है’ म्हणतो, तेही पुण्यात, पुणेकराला! स्पर्धेची युक्ती गेडिसचीच आहे. त्यानं गल्ल्यांत शर्यत लावली होती, सरकारनं शहरांत लावली. दोन्हीकडे माणूस जंतूंना भ्यायला नाही, शेजारी पुढे जाईल याला भ्यायला. (कान्ह नदीच्या पुलावर आलो की मात्र आम्ही विषय बदलतो.)

त्या ओल्या कचऱ्याचं पुढे काय होतं? तो देवगुराडियाला जातो. तिथे २०२२ च्या फेब्रुवारीत रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या गॅसवर सिटी बस धावतात. गंमत अशी की हा कारखाना चालतो बंद टाक्यांत, हवेशिवाय. जगभर इंदूरच्या नावानं जी पद्धत ओळखली जाते ती मोकळ्या हवेची, आणि खुद्द इंदूरनं धरली ती दुसरी. भाच्याला हे सांगितलं तर तो घाबरला. “असं नका सांगू मामा, पेपरात घोळ होतो.”

हॉवर्डचं बोट धरून हा उकिरडा विलायतेला गेला. तिकडे १९४० च्या सुमाराला त्याचं सेंद्रिय शेती म्हणून बारसं झालं. इंग्लंडात ईव्ह बाल्फर, अमेरिकेत रोडेल, अशांनी त्याचा संसार वाढवला. आता तो परत आला आहे. आमच्याकडच्या मॉलमध्ये त्याला काचेचं कपाट आहे, हिरवं लेबल आहे, आणि तूरडाळीच्या पुडीवर इंग्रजीत ऑर्गॅनिक. भाव बघून भाच्याची मामी ती पुडी उचललेल्या हातानंच परत ठेवते. परदेशी राहून आलेल्या जावयाकडे बघावं तसं ती त्या पुडीकडे बघते: आहे आपलाच, पण खर्चिक झालाय.

तिचं स्वतःचं कंपोस्ट परसात आहे. जुन्या माठाला भोकं पाडून ठेवली आहेत, त्यात भाज्यांची देठं, चहाचा चोथा, निर्माल्य. परवाच्या रविवारी भाचा हात धुवायला मागे गेला आणि नाकाला रुमाल लावून आला.

“मामी, नायट्रोजन जास्त झालाय. कार्बन-नायट्रोजन रेशो तीसला एक पाहिजे.”

“रेशो तुझ्याकडे ठेव. आंब्याखालची वाळलेली पानं गोळा करून आण दोन ओंजळी, आणि ते खुरपं घे. खालून वर कर सगळं. हवा लागू दे त्याला.”

त्यानं पानं आणली. पानं म्हणजे कार्बन, हे त्याच्या पंधरा सेकंदांनी लक्षात आलं, चेहऱ्यावरून कळलं. मग पँट वर करून, खुरपं पेनासारखं धरून तो माठाशी बसला. आतून वाफ आली तसा दचकला.

“गरम आहे!”

“मग? पोळी करते का मी त्यात? असायचंच गरम.”

“हे असं किती दिवसांनी करायचं?”

“वास आला की.”

वासावरून ठरवायचं हे त्याला फारच अशास्त्रीय वाटलं. मी हॉवर्डचा दाखला दिला, की वास आला किंवा माश्या दिसल्या तर ढीग ताबडतोब उलटा, असंच तोही सांगायचा. भाच्यानं ते मोबाइलवर टिपून घेतलं. मामीचं सांगणं टिपून घेतलं नाही.

निघताना डबा हातात घेऊन तो म्हणाला, “मामी, पुढच्या रविवारी मॉक टेस्ट आहे. जेवायला येणार नाही.”

“जेवायला नको येऊस,” मामी म्हणाली, “पण माठ खालवर कोण करणार?”